सागरसहल : जहाज निवडावे की बंदर?

समुद्रयात्रा हा शब्द आपल्या घरांतून एके काळी पंक्तिव्यवहाराच्या वादात उच्चारला जात असे. आता तो सुटीच्या बेतात उच्चारला जातो. बौधायनाने आपल्या धर्मसूत्राच्या आरंभी समुद्रगमन हा उत्तरेकडील लोकांचा विशेष आचार म्हणून सांगितला, आणि पुढे त्याच ग्रंथात त्याची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली. मागाहूनच्या निबंधकारांनी कलिवर्ज्यांत त्यास बसविले, आणि समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरीही त्याचा स्वीकार करू नये, इथपर्यंत मजल नेली. उलटपक्षी, समुद्रात संकटात सापडलेल्या भुज्यूला अश्विनीकुमारांनी शंभर वल्ह्यांच्या नौकेतून घरी पोचविल्याची कथा ऋग्वेदातच आहे. म्हणजे या बाबतीत शास्त्र कधीच एकमुखी नव्हते. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांस केवढे धैर्य एकवटावे लागले असेल याची कल्पना आजच्या मुलींस येणे कठीण आहे.

तो वाद मिटला हे उत्तम झाले. परंतु जावे की न जावे यावर ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खल केला, तोच समाज कोठे जावे यावर आज एक संध्याकाळही खर्च करीत नाही, हे काही ठीक नव्हे. दिवाळीच्या आगेमागे पत्रके येतात. त्यांत जहाजावरील पोहण्याचा तलाव, नाटकगृह, भोजनगृहे व रोषणाई यांची चित्रे मोठी असतात, आणि कोणत्या बंदरास किती वाजता लागणार हा मजकूर तळाशी बारीक टाइपात असतो. मुले चित्रे पाहतात, वडील रक्कम पाहतात, आणि बेत ठरतो. एकत्र कुटुंबातील दहा-बारा माणसे, दोन-तीन वर्षांची शिल्लक, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी, जिला अशी सहल आयुष्यात बहुधा एकदाच घडावयाची, एवढे सगळे ज्या निर्णयावर अवलंबून आहे तो पत्रकातील चित्रांवर सोडू नये. तळाचा बारीक मजकूर प्रथम वाचावा, ही या लेखाची मुख्य सूचना आहे. मार्ग बंदरांवरून निवडावा, आणि प्रत्येक बंदरात करण्याजोगे एकच काम आधी ठरवावे. जहाजाचा विचार त्यानंतर.

आगबोट आणि क्रूझ

कोकणातील वाचकांस आगबोट नवीन नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात. पुष्कळ ठिकाणी आगबोट दूर पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यास न्यावे लागे. त्या प्रवासात जहाजाचे कौतुक कोणास नव्हते. गाव गाठावयाचे, म्हणून आगबोट. आणि समुद्र हा खेळ नव्हे, याची आठवणही तो किनारा विसरलेला नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

आजच्या क्रूझचे तत्त्व याच्या उलट आहे. तेथे जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण, आणि बंदर हे जणू मध्यंतर. मुंबईहून अशी सहल काढण्याचे प्रयत्न अलीकडे अनेक झाले. २०१८ साली ‘आंग्रिया’ ही नौका मुंबई-गोवा मार्गावर आली. तिचे फेरे पुढे थांबले. २०१९ मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली; २०२० मध्ये ती कंपनीच बंद झाली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघाली आणि तेव्हापासून तिने गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सहली केल्या आहेत. ही नौका मूळची १९९० सालची. मुंबईस बॅलार्ड पिअर येथे नवे क्रूझ टर्मिनल बांधले असून २०२५ च्या सप्टेंबरात त्याचे उद्घाटन झाले. सोय वाढली आहे. परंतु या धंद्यात नौका येतात व जातात, हेही वरील इतिहासावरून दिसते. सबब पैसे आगाऊ भरताना सहल रद्द झाल्यास परतफेडीची अट कोणती, हे लेखी घ्यावे.

प्रथम ऋतू पाहावा

उष्ण कटिबंधातील समुद्रास आपले पंचांग असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्र खवळून सोडतात. या महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर सहलीचे नाव काढू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे तामिळनाडूत व श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाऊस घेऊन येतात, आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचाही तोच मोसम. मुंबईचा समुद्र बंद असतो तेव्हा श्रीलंकेचा पूर्व किनारा पुष्कळसा शांत असतो. २०२३ च्या जूनमध्ये चेन्नईहून श्रीलंकेकडे सहलीची नौका निघाली ती याच हिशेबाने. सारांश, नोव्हेंबर ते मार्च हा काळ अरबी समुद्रास उत्तम, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात जावयाचे असल्यास बेत फार विचाराने करावा.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी येथेच एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आपल्याकडील आईवडील तिकडील थंडी टाळून मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान जातात, आणि मुलगा किंवा लेक हौसेने त्यांस फ्लोरिडातील मायामीसारख्या बंदरातून कॅरिबियन समुद्राची सहल घडविते. परंतु तेथील चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्याचा भर. त्या दिवसांत तिकिटे स्वस्त असतात, याचे कारण हेच. वादळ आल्यास कप्तान नौका बाजूला काढतो. प्राणांस धोका सहसा नसतो, पण ठरलेले बंदर मात्र चुकते. बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार कंपनीने करारात राखून ठेवलेला असतो.

धक्का की होडी

दुसरा प्रश्न घरातील वृद्धांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो फारच थोडे लोक विचारतात. जहाज धक्क्याला लागणार की दूर नांगरणार? धक्क्याला लागल्यास उतार असलेल्या शिडीवरून काठी टेकीत उतरता येते, चाकांची खुर्चीही जाते. दूर नांगरल्यास जहाजाच्या कुशीतून हेलकावणाऱ्या लहान होडीत पाऊल टाकावे लागते. होडी वर येते त्या क्षणी पाऊल टाकावयाचे, खाली जाते त्या क्षणी नव्हे. गुडघे दुखणाऱ्या आजीस हे जमेल काय? न जमल्यास ज्या बंदरासाठी पैसे भरले ते तिला कठड्यावरूनच पाहावे लागेल.

गोव्यास मुरगाव बंदरात धक्का आहे. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचा बांध असल्यामुळे मोठे जहाज बहुधा बाहेर थांबते व होड्यांनी आत जावे लागते. सिंगापूरहून निघणाऱ्या मार्गावर पिनांगला जहाज थेट जॉर्जटाउन शहराच्या धक्क्याला लागते. फुकेटला मात्र कित्येकदा होडीनेच उतरावे लागते. कॅरिबियन समुद्रात कोझुमेलला धक्के आहेत, ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. पत्रकात ही सर्व नावे एकाच रंगात छापलेली असतात. आजीच्या गुडघ्यांस मात्र त्यांतला फरक तत्काळ कळतो.

मार्गांची तुलना

गोवा. मुंबईहून गोव्याची सहल लहान असते आणि ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांस पहिला अनुभव म्हणून पुरेशी आहे. बंदरात उतरून समुद्रकिनारा पाहण्यासाठी धावणारे पुष्कळ असतात. परंतु आपल्या घरांस याहून जवळची गोष्ट तेथे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मछळामुळे मंगेशाने कुठ्ठाळी सोडली, शांतादुर्गेने केळशी सोडली, म्हाळसेने वेर्णे सोडले. ही तिन्ही गावे मुरगाव बंदराच्याच परिसरात आहेत. भक्तांनी देव रातोरात पलीकडे अंत्रुज महालात नेले, आणि प्रियोळ, कवळे व म्हार्दोळ येथे त्यांची आजची देवालये उभी राहिली. बंदरातून मोटारीने जाताना मुलांस हा इतिहास सांगत नेल्यास, देवांनी केलेला तो प्रवास त्यांस वाटेवरच दिसतो. ज्यांना देवदर्शन नको त्यांनी जुने गोवे पाहावे. १६०५ साली पूर्ण झालेले बॉम जेझुस चर्च व त्याभोवतालची इमारतींची रांग युनेस्कोच्या यादीत १९८६ पासून आहे. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा मोह मात्र टाळावा.

लक्षद्वीप. छत्तीस बेटे, त्यांतील दहांवर वस्ती, आणि एकंदर भूमी सुमारे ३२ चौरस किलोमीटर. एखाद्या मध्यम गावाच्या शिवारात मावेल एवढा हा प्रदेश. बाहेरच्या माणसास तेथे जाण्यास परवाना लागतो. सहलीची कंपनी तो काढून देते, पण कागद वेळेवर द्यावे लागतात. कोचीहून सरकारी नौकाही जातात. बेटाच्या अंतराप्रमाणे चौदा ते अठरा तास लागतात. त्यांवर नाच-गाणे नाही, पण बेटे अधिक पाहता येतात. त्यांतील मिनिकॉय येथील १८८५ चा दीपस्तंभ प्रसिद्ध आहे. तेथील माणसे महल भाषा बोलतात, इतर बेटांवर मल्याळमची एक बोली चालते. वस्ती जवळजवळ सर्व मुसलमानांची, आणि तरीही वंश व मालमत्ता आईकडून चालविण्याची पद्धत त्यांच्यात परंपरेने आहे. समाजरचनेचा हा नमुना मुलांस मुद्दाम दाखवावा. किनाऱ्यावर वेष व वर्तन यजमानांस शोभेल असे असावे.

येथे करण्याजोगे काम एकच : प्रवाळ पाहणे. तरुणांनी मुखवटा लावून उथळ पाण्यात पोहावे; वृद्धांसाठी काचेच्या तळाच्या होड्या असतात. मात्र समुद्राच्या पाण्याची उष्णता वाढल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. तेव्हा पत्रकातील रंग सर्वत्र दिसतीलच असे नाही, आणि जे दिसेल त्यावर पाय ठेवू नये. प्रवाळाचा तुकडा स्मृती म्हणून उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बेटांवर नदी नाही. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते आणि विहिरींतून तेच उपसावयाचे. जास्त उपसले तर खारे वर येते. कवरत्तीला २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याचा कारखाना सुरू झाला. त्याची शक्ती दिवसाला एक लक्ष लिटर, म्हणजे दहा हजार लिटरांचे दहा टँकर. आमच्या खर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात १७९५ च्या लढाईमुळे आहे. परंतु येथील बायकांस दुष्काळाची वर्षे लढाईपेक्षा टँकरच्या फेऱ्यांवरून अधिक लक्षात राहतात. ज्यांनी हंड्यांनी पाणी मोजले आहे त्यांनी तरी त्या बेटावर नळ मोकळा सोडू नये. स्नान जहाजावर करून उतरावे, प्यावयाचे पाणी बरोबर न्यावे, आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात.

श्रीलंका. चेन्नईहून जाणाऱ्या नौका हंबनटोटा, त्रिंकोमाली, जाफना अशी बंदरे घेतात. धार्मिक वृत्तीच्या घरास त्रिंकोमाली उत्तम. कड्यावरील कोणेश्वराचे प्राचीन देवालय सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगिजांनी पाडले, आज तेथे नवे देवालय आहे. जाफन्यास नल्लूरचे कंदस्वामीचे म्हणजे कार्तिकेयाचे मंदिर पाहावे. हंबनटोटाहून अरण्य पाहण्याचा बेत सांगतात. तो उन्हात मोटारीचे तास मोजावयास लावतो, तेव्हा लहान मुले बरोबर असल्यास सोडावा.

मलाक्काची सामुद्रधुनी. सिंगापूर, पिनांग, फुकेट हा मार्ग विमानभाड्यामुळे महाग पडतो. शिवाय सिंगापुराहून निघून पुन्हा सिंगापुरास यावयाचे असल्याने व्हिसा पुनःप्रवेश देणारा हवा. या मार्गाचे रत्न पिनांग होय. २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या जॉर्जटाउनमध्ये जहाजावरून उतरून पायीच जाता येते. एका तासाच्या चालण्यात १८३३ चे महामारियम्मनचे देवालय, कपितान केलिंग मशीद व चिनी कुळांची सभागृहे दिसतात. मोटार नाही, मार्गदर्शक नाही, घाई नाही. दमलेल्याने माघारी फिरावे, बाकीच्यांनी पुढे जावे.

अंदमान. चेन्नई, विशाखापट्टणम किंवा कोलकात्याहून जाणाऱ्या सरकारी नौका ही मुळात प्रवासाची सोय आहे. सुमारे बाराशे किलोमीटरांच्या वाटेस अडीच-तीन दिवस लागतात, आणि त्यांवर करमणूक शोधू नये. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे झाले. १९०६ साली पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलच्या सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. बाबाराव व विनायकराव सावरकर हे दोघे बंधू येथेच होते, आणि विनायकरावांचा येथील वास १९११ पासून १९२१ पर्यंतचा. ज्या समुद्रास त्या काळी ‘काळे पाणी’ म्हणत तो अडीच दिवस डोळ्यांसमोर राहिल्यावर त्या शब्दाचा अर्थ जसा कळतो, तसा विमानाने दोन-अडीच तासांत गेल्यावर कळत नाही. ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांची मुले आहेत त्यांनी निदान एका बाजूने जहाजाने जावे, अशी आमची शिफारस आहे.

कॅरिबियन. येथे पश्चिमेकडील व पूर्वेकडील असे दोन मार्ग सांगतात : पश्चिमेस कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका; पूर्वेस सेंट थॉमस, सेंट मार्टेन वगैरे. किनारे दोन्हीकडे सुंदर आहेत; जुन्या संस्कृतीची ओढ असलेल्याने पश्चिम घ्यावी. कोझुमेलला उतरलेले पुष्कळ लोक तुलुमचे माया अवशेष पाहण्यासाठी पुन्हा नावेत बसून मुख्य भूमीवर जातात आणि दिवसाचा मोठा भाग प्रवासात घालवितात. वस्तुतः सान हेर्वासिओ हे माया लोकांचे तीर्थ त्या बेटावरच आहे. इश्चेल या देवीच्या दर्शनास तेथे दूरदूरच्या स्त्रिया येत. अवशेष लहान आहेत, पण भोवती झाडी आहे व वेळ हाती राहतो. अमेरिकेच्या व्हिसावर गेलेल्यांनी तो एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे जहाजावर चढण्यापूर्वी पाहावे.

बंदरातील तासांचा हिशेब

जहाज सकाळी ८ वाजता लागणार व सायंकाळी ५ वाजता निघणार, असे पत्रक म्हणते. शाळेतील गणिताप्रमाणे हे नऊ तास झाले. आता वजाबाकी करावी. तपासणी व रांग यांत पहिला एक तास जातो. निघण्यापूर्वी तासभर आधी सर्वांनी परत असावे, असा दंडक असतो. रस्त्यावर काही अडल्यास हाताशी आणखी एक तास ठेवणे शहाणपणाचे. राहिले सहा. जाण्या-येण्यास अडीच तास व जेवणास एक तास धरल्यास पाहण्यासाठी उरतात अडीच तास. अडीच तासांत एक स्थळ नीट पाहता येते; चार स्थळे दाखवितो म्हणणारा मोटारवाला मोटारीची खिडकी दाखवितो, एवढेच.

यासंबंधी दोन सूचना ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, जहाजाने स्वतः काढलेली किनाऱ्यावरील सहल महाग असते, पण तिला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते; आपण ठरविलेल्या मोटारीस उशीर झाल्यास ते थांबत नाही. म्हणून स्थळ दूर असल्यास जहाजाची सहल घ्यावी, जवळ असल्यास स्वतः जावे. दुसरी, घड्याळ जहाजाचे पाळावे. श्रीलंकेची वेळ व आपली वेळ एकच आहे. परंतु मलेशिया व थायलंड यांच्या घड्याळांत एका तासाचे अंतर आहे आणि मोबाइल किनाऱ्यावर उतरताच स्वतःच वेळ बदलतो. त्या एका तासापायी जहाज चुकल्यास पुढच्या बंदरापर्यंतचे विमान स्वखर्चाने पकडावे लागते. पासपोर्टची प्रत व थोडी रोकड अंगावर असावी.

घरातील कोणासाठी?

बोट लागणे ही व्याधी कोणास होईल हे आधी सांगता येत नाही. ते पाहण्याचा स्वस्त उपाय मुंबईतच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोटारी नेणारी मोठी बोट जाते. तासाभराच्या त्या प्रवासात घरातील कच्चे गडी ओळखू येतात. अशांसाठी जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरील खोली घ्यावी, कारण तेथे हेलकावा कमी; समुद्र दिसावा म्हणून वरच्या टोकाची महाग खोली घेणारा पैसे देऊन डोलणे विकत घेतो. औषध वैद्यास विचारून बोट सुटण्याआधी घ्यावे. लागल्यावर घेतलेले पोटात राहत नाही.

चढताच जी धोक्याच्या वेळची कवायत होते तिला सर्वांनी, आजीसह, हजर राहावे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून बत्तीस माणसे गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या उतारूंची कवायत व्हावयाचीच होती. त्यानंतर ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. आपला जीवरक्षक अंगरखा कोठे आहे व मुलांचा लहान मापाचा आहे काय, हे पहिल्या तासातच पाहावे.

खर्ड्याहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. आमच्यासारख्या घाटमाथ्यावरील लोकांनी आदल्या दिवशीच मुंबईस पोचून नातेवाइकांकडे उतरावे. घाटातील खोळंबा जहाजास सांगता येत नाही. खर्चाचा अंदाज करताना भाड्यावर बंदरशुल्क, कर, नोकरांचे बक्षीस व किनाऱ्यावरील सहली धराव्यात. शाकाहारी जेवण आपल्याकडील नौकांवर चांगले मिळते. परदेशी कंपनीस मात्र आधी लेखी कळवावे.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. एकत्र कुटुंबात सहलीचा बेत पुरुष ठरवितात व मुले त्यास अनुमोदन देतात. परंतु या सहलीचा खरा लाभ ज्यांस व्हावयाचा त्यांस कोणी विचारीत नाही. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस जी सून चूल सांभाळते, तिला जहाजावर प्रथमच दुसऱ्याने वाढलेले गरम पान मिळते. बंदर कोणते व तेथे काय पाहावयाचे, हे तिने निवडावे. तिने नुसते वाळूवर बसून राहावयाचे ठरविले, तर तेही एक काम समजावे. आजीला नातवंडे सांभाळण्यासाठी बरोबर नेऊ नये. तिचे एक बंदर तिच्यासाठी राखावे, आणि ते धक्क्याचे असावे. इतर बंदरांत ती जहाजावर राहिली तरी बिघडत नाही. सर्व उतरल्यावर जहाज शांत होते, आणि कठड्यापाशी खुर्ची टाकून पाणी पाहत बसण्यासारखे सुख दुसरे नाही. मात्र ते तिने निवडलेले असावे, तिच्यावर लादलेले नसावे. तरुणांनी पोहावे, बुडी मारावी, हिंडावे. सर्वांनी एकाच ठिकाणी गेलेच पाहिजे असा आग्रह धरल्यास कोणाचीच सहल होत नाही. भेटण्याची जागा व वेळ तेवढी एक असावी.

तेव्हा यंदा पत्रक हाती आले म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर सर्वांस एकत्र बसवावे, नकाशा उघडावा, आणि प्रत्येक बंदरापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : धक्का की होडी, हाती राहणारे तास, आणि घरातील कोणासाठी. ज्या मार्गात प्रत्येक माणसाच्या नावापुढे निदान एक बंदर पडेल तो मार्ग घ्यावा. न पडल्यास एक वर्ष थांबावे. समुद्र कोठे जात नाही.